न्यू जर्सीची निवडणूक: आमदारांच्या दोन जागा मी कोऱ्या सोडल्या

सायली_ठाणेकर
फेब्रुवारीत नागरिकत्वाची शपथ घेतली आणि या, २०२५ च्या, नोव्हेंबरात पहिलं अमेरिकन मत दिलं. (ठाण्यात एकदा दिलं होतं. तेव्हा शाईच्या बोटाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता.) आम्ही एडिसनला राहतो. मतपत्रिका पोस्टाने मागवली होती, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर चहा घेऊन निवांत बसले. गव्हर्नर कोण हे मनात पक्कं होतं, तो गोल एका मिनिटात भरला. त्यानंतर असेंब्ली, म्हणजे राज्याचं खालचं सभागृह: "कोणत्याही दोघांना मत द्या". तिथे पेन अडलं. सोळा वर्षं या गावात राहते, पण त्यातलं एकही नाव ओळखीचं नव्हतं. शाळा बोर्डाला उभी असलेली एक बाई मात्र माहीत होती, कारण आमची मुलं एकाच कराटे क्लासला जायची.

शेवटी असेंब्लीच्या दोन्ही जागा कोऱ्या सोडल्या आणि पाकीट बंद केलं. नवरा म्हणाला, "मग एवढी वर्षं नागरिकत्वाची वाट कशाला बघितलीस?" ते लागलं मला.

तर प्रश्न असा: काही माहीत नसताना मत देणं चूक, की जागा कोरी सोडणं चूक? राज्याच्या निवडणुकीत तुम्ही आमदार कसे निवडता? गेल्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या वेळी आमच्या ग्रुपवर महिनाभर भांडणं चालली होती, दोन जण ग्रुप सोडून गेले. यंदा गव्हर्नर निवडायचा होता तर नुसते फराळाचे फोटो.

वाटाण्याची_उसळ
माहीत नाही म्हणून मत दिलं नाही? हा नियम लावला तर आमच्या वॉर्डात शून्य टक्के मतदान होईल.

टर्नपाइकत्रस्त
पहिल्या मताबद्दल अभिनंदन!
मी सरळ पक्ष बघतो. गव्हर्नरला ज्या पक्षाचं मत, तोच पक्ष खाली. लोक याला आळस म्हणतात, मला ते तर्काला धरून वाटतं. राजधानी ट्रेंटनमध्ये सभागृहात मतदान होतं तेव्हा तो आमदार बहुतेक वेळा पक्षाबरोबरच जातो. मग त्याचं नाव माहीत असून मी काय करणार?

मृद्गंध_नाशिक
बाहेरून विचारतोय. दोन आमदार एकाच मतदारसंघातून? आणि गव्हर्नरची निवडणूक राष्ट्राध्यक्षांबरोबर का नाही घेत? तेवढाच खर्च वाचेल.

टर्नपाइकत्रस्त
@मृद्गंध: पुणे-नाशिकच्या महापालिकेत प्रभाग पद्धत आहे ना, एका प्रभागातून चार नगरसेवक, तसंच थोडंफार. राज्यात ४० मतदारसंघ. प्रत्येकातून एक सिनेटर आणि असेंब्लीचे दोन सदस्य, म्हणजे ४० आणि ८०. असेंब्ली दर दोन वर्षांनी, गव्हर्नर दर चार वर्षांनी. सिनेटचं गणित मात्र विचित्र आहे. जनगणनेनंतरची पहिली मुदत दोन वर्षांची, मग चार, मग चार. म्हणून २०२१ ला सिनेट होती, २०२३ ला पुन्हा होती, आता थेट २०२७. सायलीताईंच्या मतपत्रिकेवर सिनेटर नव्हता तो यामुळे.

विषम वर्षांत निवडणूक घेण्याचं कारण वॉशिंग्टनच्या बातम्या इथल्या निवडणुकीला गिळू नयेत, असं सांगतात. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी गव्हर्नर निवडणारी राज्यं दोनच, आम्ही आणि व्हर्जिनिया. झालंय उलटंच. लोकांना वाटतं यंदा निवडणूक नाहीच. आणि ज्यांना माहीत असतं ते हिच्याकडे वॉशिंग्टनची चाचणी परीक्षा म्हणून बघतात.

अण्णा_पार्सिपनी
सायली, मी १९७९ साली इथे आलो. तेव्हा भेंडी मिळायची नाही आणि मतही नव्हतं, दोन्हीची सवय नव्हती. १९८१ ची गव्हर्नरची निवडणूक मी नुसती टीव्हीवर बघितली. टॉम कीन आणि जिम फ्लोरिओ. वीस लाखांवर मतं पडली आणि फेरमोजणी होऊन कीन जिंकले ते १,७९७ मतांनी. आमच्या कंपनीत जेवायच्या सुट्टीत त्याशिवाय विषय नव्हता. तेव्हा मला कळलं की इथे राज्याची निवडणूक हीसुद्धा निवडणूक असते.

फ्लोरिओ पुढे १९८९ ला निवडून आले. आल्या आल्या १९९० मध्ये २८० कोटी डॉलरची करवाढ केली. विक्रीकर सहाचा सात टक्के, आणि तो कशाकशावर, तर टॉयलेट पेपरवरही. बाकी सगळं लोकांनी सोसलं असतं. टॉयलेट पेपरवर मात्र राज्य पेटलं. ट्रेंटनला मोर्चे निघाले. १९९१ ला लोकांनी दोन्ही सभागृहं उलटवली. गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून काढता येईल एवढं बहुमत विरोधकांना दिलं. १९९३ ला खुद्द फ्लोरिओंना पाडलं, ख्रिस्टीन व्हिटमन एखाद्या टक्क्याने आल्या. आता त्या १९९१ च्या लाटेत कोण कोण आमदार झाले हे तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं. लोकांनी नाव बघून मत दिलंच नव्हतं, रागावून दिलं होतं.

म्हणून माझं मत टर्नपाइक यांच्या जवळ जातं, पण थोडं वेगळं आहे. पक्ष बघ, पण आंधळेपणाने नको. तुला राग कशाचा आहे ते बघ.

सायली_ठाणेकर
@अण्णा: राग प्रॉपर्टी टॅक्सचा आहे, दुसरा कशाचा असणार :)

कांदेपोहे_एकदाच
प्रॉपर्टी टॅक्स गव्हर्नर ठरवत नाही हो. तो टाउनशिप, शाळा आणि काउंटी (म्हणजे जिल्हा) मिळून ठरवतात. आमच्या बिलात निम्म्याहून जास्त वाटा शाळेचा.

टर्नपाइकत्रस्त
ठरवत नाही हे बरोबर, पण शाळेला राज्याकडून किती पैसे यायचे ते २००८ च्या कायद्यातल्या सूत्रावर ठरतं. ते सूत्र बदलायचं की नाही हे विधिमंडळाच्या हातात आहे. राज्याने हात आखडला की टाउनशिप तुमच्या खिशात हात घालते. २०२४ मध्ये राज्यातलं सरासरी बिल १०,००० डॉलरच्या वर गेलं. वरून 'अँकर' नावाच्या राज्याच्या सवलत योजनेतून थोडे परत देतात. एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने ओवाळणी घालायची.

एचवनबी_अकरा_वर्षं
तुमचं भांडण गोड आहे. निदान भांडायला मतपत्रिका तरी आहे. मी अकरा वर्षं इथे कर भरतोय. घराचा, पगाराचा, विक्रीचा, सगळा. मुलगा इथे जन्मला. आठ वर्षांनी तो मत देईल, आणि तेव्हाही ग्रीन कार्डाच्या रांगेत माझा नंबर लागलेला नसेल.

एक महत्त्वाचं, हसू नका. लायसन्सच्या नूतनीकरणाला मोटर व्हेइकलच्या ऑफिसात गेलात की तिथेच मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. २०१८ पासून ती नोंदणी आपोआप होते, नको असेल तर नाही म्हणावं लागतं. व्हिसावाल्यांनी आणि ग्रीन कार्डवाल्यांनी तिथे डोळे उघडे ठेवून "नाही" म्हणा. नागरिक नसताना नोंदणी झाली किंवा चुकून मत दिलं तर पुढे सगळे कागद अडकतात, देश सोडायची वेळ येऊ शकते. मागे रांग असते, समोरचा माणूस भराभरा विचारत असतो, आपण सवयीने "येस येस" करत जातो. माझा एक मित्र थोडक्यात वाचला.

अण्णा_पार्सिपनी
हे ठळक करून वर लावायला हवं.

शेवगा
@एचवनबी: मत नाही आणि कर आहे? याच कारणावरून बोस्टनला चहा समुद्रात ओतला होता.

एचवनबी_अकरा_वर्षं
आम्ही मराठी माणसं. चहा ओतणार नाही. दोन कप पिऊन घरी जाऊ.

निर्मला_व्हर्जिनिया
कोऱ्या जागेवरून आठवलं, आमच्याकडची गोष्ट सांगते. २०१७. न्यूपोर्ट न्यूज शहरातला ९४ वा मतदारसंघ, हाउस ऑफ डेलिगेट्स, म्हणजे आमच्या राज्याचं खालचं सभागृह. रिपब्लिकन डेव्हिड यँसी पहिल्या मोजणीत दहा मतांनी पुढे. फेरमोजणी झाली तर डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने विजयी. हार-तुरे सगळं झालं. दुसऱ्या दिवशी कोर्टात एक मतपत्रिका आली. त्यावर दोघांच्याही नावापुढचे गोल भरलेले होते आणि एकावर रेघ ओढलेली. फेरमोजणीत ती बाद धरली होती. न्यायाधीशांनी ती यँसींच्या खात्यात घातली. दोघेही ११,६०८ वर.

मग काय, चिठ्ठी! ४ जानेवारी २०१८ ला रिचमंडमध्ये कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डब्यांत दोन नावं घातली, डबे चिनी मातीच्या एका वाडग्यात ठेवले आणि एक उचलला. वाडगा कलासंग्रहालयातून मागवलेला. यँसी निघाले. सभागृहात रिपब्लिकन ५१, डेमोक्रॅट ४९. सायमंड्स निघाल्या असत्या तर ५०-५०.

आता सांगा, त्या मतदारसंघात त्या दिवशी "मला कुणी माहीत नाही" म्हणून कोरी जागा सोडणारे किती असतील?

वाटाण्याची_उसळ
आणि दोन्ही गोल भरणारा तो एक महाभाग! त्याने घरी बायकोला सांगितलं असेल का?

निर्मला_व्हर्जिनिया
सांगितलं नसणार. दोन वर्षांनी, २०१९ ला, सायमंड्स जिंकल्या. तोवर त्याचं मत पक्कं झालं असावं.

मृद्गंध_नाशिक
एक विचारू? तुमच्याकडे ओळखपत्र दाखवावं लागत नाही म्हणे. खरं आहे का हे? आमच्याकडे आधार, मतदार कार्ड, चिठ्ठी, तरी तो बूथवरचा माणूस संशयाने बघतो.

कांदेपोहे_एकदाच
न्यू जर्सीत बहुतेकांना नाही लागत. नाव-पत्ता सांगायचा आणि सही करायची. नोंदणीच्या वेळची सही त्यांच्याकडे असते, तिच्याशी ताडून बघतात. पहिल्यांदा मत देणाऱ्या काही जणांना कागद मागतात. पोस्टाच्या मतालाही सहीच. आतल्या पाकिटाला जोडलेला सहीचा कागद फाडायचा नाही, फाडलात तर मत गेलं. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या वर्षी तो व्यवस्थित कात्रीने कापून फाइलला लावला होता.

शेवगा
सासरे बँकेत होते का?

कांदेपोहे_एकदाच
एलआयसी.

खरं_बोलतो_राग_येतो
सगळे इतके भारावून का गेलात कळत नाही. ४० पैकी बहुतेक मतदारसंघांत कोण निवडून येणार हे आधीच ठरलेलं असतं. आमच्या भागात डेमोक्रॅटच, ससेक्सला रिपब्लिकनच. नोव्हेंबरात तुम्ही गोल भरा नाहीतर त्यावर मेंदीची नक्षी काढा, काही फरक पडत नाही. सायलीताईंनी कोरं सोडलं, बरं केलं, पेनाची शाई वाचली.

आणि आपल्या लोकांचं तर विचारू नका. निवडणूक जवळ आली की गणपतीला उमेदवार येतो. शाल, श्रीफळ, फोटो. तो "गनपटी बापा मोर्या" म्हणतो, टाळ्या. "आमच्या शाळेच्या बसचं काय?" हे एकही जण विचारत नाही. पुढच्या वर्षी तोच माणूस नवरात्रात दुसऱ्या मंडळात "केम छो" म्हणत असतो.

बूथवाला_बाबू
@खरं_बोलतो: पहिल्या परिच्छेदाशी सहमत आहे, फक्त तुम्ही चुकीच्या महिन्यात थांबलात. ठरतं ते जूनमध्ये, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात. आणि जूनमधलंही अगदी परवापर्यंत आधीच ठरायचं. कसं ते सांगतो. मी काउंटी कमिटीला उभा राहिलो होतो म्हणून जवळून बघितलंय. (काउंटी कमिटी म्हणजे पक्षाची सगळ्यात खालची पायरी, आपल्याकडच्या भाषेत बूथप्रमुख. गल्लीपुरती निवडणूक. शेजारच्यांच्या मोजक्या सह्या लागतात. माझ्या अर्ध्या सह्या बायकोच्या योगा क्लासमधल्या.)

बाकी सगळ्या देशात मतपत्रिकेवर पदानुसार चौकट असते. गव्हर्नर, खाली सगळे इच्छुक. आमदार, खाली सगळे इच्छुक. न्यू जर्सीत २१ पैकी १९ काउंट्यांत असं नव्हतं. पक्षाच्या काउंटी संघटनेने पसंत केलेले सगळे उमेदवार, वरच्या पदापासून माझ्यासारख्या बूथप्रमुखापर्यंत, एकाच उभ्या किंवा आडव्या ओळीत. तिला म्हणायचे 'लाइन'. ज्यांना लाइन मिळाली नाही ते कुठेतरी कडेला, दोन रकाने मोकळे सोडून. त्या कोपऱ्याला इथले लोक 'सायबेरिया' म्हणायचे. माणूस वरचं ओळखीचं नाव बघतो आणि सरळ ओळीने खाली येतो, टर्नपाइकसाहेबांसारखा. म्हणजे लाइन कुणाला द्यायची हे ठरवणारा काउंटीचा अध्यक्ष हाच खरा मतदार. मी लाइनवर नव्हतो. माझं नाव माझ्या आईलाही सापडलं नसतं.

२०२४ ला सिनेटच्या (वॉशिंग्टनच्या) जागेसाठी अँडी किम आणि तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी समोरासमोर आले. मोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी बाईंना पाठिंबा दिला. किम यांनी थेट लाइनविरुद्धच फेब्रुवारीत फेडरल कोर्टात दावा ठोकला. मार्चच्या २४ तारखेला टॅमी मर्फींनी माघार घेतली, २९ तारखेला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी लाइन थांबवली, आधी फक्त डेमोक्रॅटांच्या प्रायमरीपुरती. पुढे मार्च २०२५ मध्ये कायदाच बदलला. यंदाच्या जूनची प्रायमरी ही दोन्ही पक्षांसाठी विनालाइनची पहिली. गव्हर्नरपदासाठी एकट्या डेमोक्रॅटांचे सहा जण उभे होते: शेरिल, बराका, फुलप, गॉटहायमर, स्पिलर, स्वीनी. आधीच्या काळात यातले निम्मे अध्यक्षांच्या एका फोनवर घरी बसले असते.

तेव्हा सायलीताई, नोव्हेंबरातलं कोरं सोडा नाहीतर भरा. जूनला कुठे होतात?

सायली_ठाणेकर
@बाबू: जूनला आम्ही ठाण्याला. मुलांची शाळा सुटली की त्याच आठवड्यात विमान.

बूथवाला_बाबू
१० जूनला मतदान होतं, शाळा सुटायच्या आधी!

सायली_ठाणेकर
...आंबे संपतात हो.

वाटाण्याची_उसळ
अमेरिकन लोकशाहीपुढचा खरा प्रश्न: हापूस.

बूथवाला_बाबू
पोस्टाने प्रायमरीचंही मत देता येतं. हापूस आणि लोकशाही दोन्ही साधेल :) आणि कुठल्याच पक्षाकडे नोंद नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊनही पक्ष निवडता येतो. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर मात्र ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. ऐन वेळी उडी मारता येत नाही, आपल्याकडच्यासारखी.

खरं_बोलतो_राग_येतो
लाइन गेली, कायदा बदलला, मान्य. पण अध्यक्ष तेच, पैसा तोच. एकाच वेळी शहराचा महापौर आणि राज्याचा सिनेटर असलेला माणूस अजून आहे. युनियन सिटीचे ब्रायन स्टॅक. २००८ पासून दोन खुर्च्या बंद केल्या, पण आधीपासून बसलेल्यांना सूट. आमच्या गावच्या पतसंस्थेत याहून कडक नियम होते.

डफ_मिशिगन
आमच्याकडे २०१८ ला गव्हर्नरपदासाठी मराठी माणूस उभा होता, विसरलात का? श्री ठाणेदार. स्वतःचे जवळपास एक कोटी डॉलर घातले. टीव्ही लावला की तेच. डेमोक्रॅट प्रायमरीत तिसरे आले, ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या. पण हटले नाहीत. २०२० ला डेट्रॉइटमधून राज्याच्या सभागृहात गेले, २०२२ ला थेट काँग्रेसमध्ये. मला यातून दिसलं ते असं की नुसत्या पैशावर गव्हर्नर होता येत नाही, खालून यावं लागतं. आमच्या मंडळात मात्र त्यांच्याबद्दल दोन तट आहेत, तो विषय इथे काढत नाही.

शेवगा
मूळचे चिकोडीचे, वाढले बेळगावात. म्हणजे कर्नाटकाचे की महाराष्ट्राचे?

अण्णा_पार्सिपनी
शेवगा, ही काडी इथे टाकू नकोस. हा धागा १९५६ पर्यंत मागे जाईल.

टर्नपाइकत्रस्त
पैशावरून @खरं_बोलतो यांना उत्तर. एड डर. २०२१. फर्निचरच्या दुकानाचा ट्रक चालवणारा माणूस, दक्षिण जर्सीतला तिसरा मतदारसंघ. समोर कोण, तर स्टीव्ह स्वीनी, बारा वर्षं सिनेटचे अध्यक्ष, राज्यात गव्हर्नरखालोखाल वजन. हा पठ्ठ्या त्यांना सुमारे २,३०० मतांनी पाडून आला. प्रायमरीत त्याने १५३ डॉलर खर्च केले अशी बातमी होती, त्यातले काही डोनटवर. "बहुतेक मतदारसंघ ठरलेले असतात" हे स्वीनींच्या माणसांनाही वाटत होतं. त्या भागात लोक मर्फींच्या सरकारवर चिडले होते, आणि हातात स्वीनी सापडले. अण्णा म्हणतात तसा राग.

खरं_बोलतो_राग_येतो
आणि २०२३ ला डर पडला.

टर्नपाइकत्रस्त
पडला. पण डोनट खाऊन पडला.

रंजना_मॉनमथ
आता यंदाच्या निकालाबद्दल बोलायचं का जरा? डेमोक्रॅट मिकी शेरिल १३ टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकल्या. रिपब्लिकन जॅक चिटारेली तिसऱ्यांदा मैदानात होते. २०२१ ला त्यांनी मर्फींना तीनेक टक्क्यांवर आणलं होतं, म्हणून या वेळी सगळे अटीतटीची म्हणत होते. असेंब्लीत डेमोक्रॅटांच्या पाच जागा वाढून ८० पैकी ५७. एकाच पक्षाने लागोपाठ तीनदा गव्हर्नरपद जिंकायचं हे १९६१ नंतर पहिल्यांदा. मतदान २०२१ ला ४० टक्के, या वेळी ५१. मतदानाच्या सकाळी सात काउंट्यांत केंद्रांवर बॉम्बच्या खोट्या ईमेल आल्या, काही केंद्रं तासभर बंद, तरी लोक परत येऊन रांगेत उभे राहिले.

माझ्या मते हे सगळं विजेच्या बिलाने केलं. १ जूनपासून बिलं १७ ते २० टक्क्यांनी चढली. जुलै-ऑगस्टात एसी लावून बसायचं आणि बिल बघून घाम फुटायचा. शेरिलबाईंनी सांगितलं की पहिल्याच दिवशी आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. चिटारेली म्हणाले हे मर्फींच्या धोरणाचं पाप. दोघेही फक्त बिलाबद्दल बोलत होते.

कांदेपोहे_एकदाच
दर गोठवणार म्हणजे नक्की कसे? वीज ज्या पीजेएम ग्रिडमधून येते ती बऱ्याच राज्यांची मिळून आहे. तिच्या लिलावात भाव फुटले, डेटा सेंटरांची भूक वाढली. गव्हर्नरच्या सहीने लिलाव थांबत नाही.

रंजना_मॉनमथ
लिलाव थांबत नाही, पण राज्यात दरांना मंजुरी देणाऱ्या मंडळाचे सदस्य गव्हर्नर नेमतो आणि सिनेट त्यांना मान्यता देते. ॲटर्नी जनरलसुद्धा इथे नेमतात, बऱ्याच राज्यांत तो निवडून येतो. राज्यभरातून निवडून येणारं राज्य सरकारातलं इथे एकच तिकीट, गव्हर्नर आणि त्यांचा लेफ्टनंट. म्हणून तो एक गोल फार महाग आहे. जमतं की नाही ते पुढच्या जूनच्या बिलात कळेल.

एचवनबी_अकरा_वर्षं
बिल मलाही येतं बरं का.

मृद्गंध_नाशिक
वाचून मजा येतेय. पण राज्याच्या विधिमंडळाचं काम तुम्हाला रोज दिसतं का? आमच्याकडे आमदार म्हणजे रस्ता, गटार आणि लग्नाला हजेरी.

कांदेपोहे_एकदाच
इथे आमदार लग्नाला येत नाही, पण गाडीत येऊन बसतो. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरता येत नाही, १९४९ चा कायदा. २०२३ ला ओरेगनने सोडलं, आता असे आम्ही एकटेच. थंडीत काच दोन बोटं खाली करून कार्ड द्यायचं, हे सुख विधिमंडळाचं. ४ मे २०२२ पासून दुकानात प्लास्टिकची पिशवी बंद, तेही विधिमंडळाचं. म्हणून माझ्या डिकीत सत्तावीस कापडी पिशव्या आहेत, आणि दुकानात शिरल्यावर हातात एकही नसते.

सायली_ठाणेकर
पिशवीचं अगदी अगदी!

बरं, धागा पेटवून गायब झाले होते. मध्ये एक गोष्ट घडली ती सांगते. नवऱ्याचा एका सरकारी खात्यात चार महिने अडकलेला परतावा होता. फोन केला की वाट बघा, वाट बघा. बाबूंचं वाचून वाटलं, बघू तरी आपला आमदार कोण. एडिसन १८ व्या मतदारसंघात. ऑफिस शोधलं तर आम्ही दर शनिवारी जिथून जातो त्याच रस्त्यावर निघालं. फोन केला. दुसऱ्या रिंगला माणसाने उचलला, मशीनने नाही! नाव, पत्ता, प्रकरणाचा नंबर घेतला. नऊ दिवसांत पैसे आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याचा गोल मी कोरा सोडला त्याच्या ऑफिसने काम केलं, आणि मत दिलंत का हे विचारलंही नाही.

खरं_बोलतो_राग_येतो
ती बाई किंवा तो माणूस पगारी असतो. ते त्यांचं कामच आहे. भारावू नका.

सायली_ठाणेकर
भारावले नाही. ज्यांनी चार महिने अडकवून ठेवलं तेही पगारीच होते.

अण्णा_पार्सिपनी
हा हा. बरोबर टोला.
आता तुझ्या मूळ प्रश्नाचं. सगळ्यांचं वाचून मी माझं थोडं बदलतो. माहिती नसेल तर कोरं सोडणं हे पाप नाही, मी दोनदा सोडलंय, न्यायालयाबद्दलच्या एका हो-नाहीच्या कौलावर आणि एका शाळा बोर्डाला. पण तू टेबलावर चहा घेऊन बसली होतीस. मतदान केंद्रात मागे रांग असते, तुझ्यामागे कुणी नव्हतं. पाकीट दोन दिवस तसंच ठेवून ती नावं शोधता आली असती. पोस्टाच्या मताचा तोच तर फायदा.

टर्नपाइकत्रस्त
अण्णा, पटलं. तरीही मी पक्षच बघणार.

सायली_ठाणेकर
ऐका, एक राहिलंच. मतपत्रिकेवर इंग्रजी, स्पॅनिश आणि चक्क गुजराती! आमच्या शेजारच्या भावनाबेन दारात उभ्या राहून मला मोठ्याने वाचून दाखवत होत्या. मिडलसेक्समध्ये मराठी कधी येणार?

कांदेपोहे_एकदाच
ते असं सहज मिळत नाही. मतदानाच्या वयाचे, इंग्रजी नीट न येणारे नागरिक एका भाषिक गटात १०,००० हून जास्त किंवा पाच टक्क्यांहून जास्त असले की फेडरल कायद्याने काउंटीला सोय करावी लागते. आमच्या काउंटीत भारतीय म्हणून तो आकडा भरला आणि भाषा निवडली गेली गुजराती.

वाटाण्याची_उसळ
म्हणजे मराठीत मतपत्रिका हवी असेल तर दहा हजार मराठी माणसांनी "आम्हाला इंग्रजी येत नाही" असं लिहून द्यायचं? मराठी माणूस? न्यू जर्सीतला?

शेवगा
धागा बंद करा. मराठी मतपत्रिका कधीच येणार नाही.

सायली_ठाणेकर
आणि पोस्टाने मत दिलं म्हणून स्टिकरही मिळाला नाही. भावनाबेनकडे दोन आहेत, एक मागून घेते.